रत्नमालाताईंचं सागवानी टेबल

रत्नमालाताईंच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही, हातातल्या पिशवीच्या बुडाकडं पाहिलं. पिशवीतली पाण्याची बाटली गळत होती.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "पिशवी तेवढी फरशीवर ठेव. खुर्चीवर नको."

मी बँकेत नुकतीच लागले होते आणि पहिलीच नेमणूक राहात्याला मिळाली होती. सोलापूरची मी, इथं ओळखीचं कुणी नाही. शाखेतल्या शिपायानं भाड्याच्या खोलीसाठी हा पत्ता दिला होता. "बाई लायब्ररीत हायेत. एकट्याच असत्यात. माणूस लई चांगलं. फक्त त्यांच्या खुर्च्यांना जपा," असं तो म्हणाला होता, आणि मला वाटलं, थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. ताईंच्या घरात महाग वस्तू एकही नव्हती, पण जे होतं ते सगळं आजच दुकानातून आणल्यासारखं दिसायचं. ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या, आत रेक्झिनचा सोफा, अंगणात कडुलिंबाखाली लोखंडी बाक, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्यांच्या चौकटींनासुद्धा तेलाचा हात फिरलेला. नवरा साखर कारखान्यात होता, तो मुलगी लहान असतानाच गेला. मुलगी नाशिकला दिलेली. मागं उरल्या त्या ताई आणि हे सामान. सामानाबद्दल त्या अशा बोलत की जणू घरात चार-पाच वेगवेगळ्या स्वभावाची माणसं राहतात.

"वेताला आंघोळ चालते," त्या सांगायच्या. "मिठाच्या पाण्यानं घासायचं, पन वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलास की तडकलं. लोखंडाला पान्याचा राग, त्याला उन्हाळ्यातच रंग देऊन मोकळं व्हायचं. प्लास्टिकला खायचा सोडा. ते बिचारं काय बी सहन करतं, म्हनून लोक त्याचे हाल करतात."

"आणि लाकूड?"

"लाकूड तोडलं तरी त्याची तहान जात न्हाई. पन ती पान्याची नसते, तेलाची असते."

राहात्याचं बोअरचं पाणी क्षाराचं. स्टीलचा तांब्या दोन दिवसांत पांढरा पडतो. म्हणून शनिवारी त्या पिण्याच्या पाण्यातलं एक भांडं फडक्यांसाठी वेगळं काढत. फडकीही ठरलेली होती. जुन्या सुती साडीची लाकडाला, बनियनची रेक्झिनला, गोणपाटाचा तुकडा लोखंडाला. एकदा मी बनियनच्या फडक्यानं बाक पुसला तर त्यांनी दिवसभर माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं.

त्या काही सर्वज्ञ नव्हत्या, हेही सांगायला हवं. मी हप्त्यावर लिहायचं एक छोटं टेबल घेतलं होतं. मी सुट्टीला गावी गेले असताना त्यांनी त्याला प्रेमानं खोबरेल तेल चोपडलं. मी परत आले तो खोलीभर खवट वास आणि टेबलाच्या चारी पायांना मुंग्यांच्या रांगा. ताई दारात कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तेल चांगलं हुतं. टेबलच बोगस हाय तुझं. भुसा दाबून केलेलं." यापलीकडं त्यांनी चूक कबूल केली नाही. पण संध्याकाळी माझ्या खोलीत भरल्या वांग्याची वाटी आली.

हा सगळा लळा त्यांना लागला तो वाचनालयातल्या टेबलामुळं.

गावातलं वाचनालय जुनं. मधल्या हॉलमध्ये एक लांबलचक सागवानी टेबल होतं, त्याच्याभोवती वीसेक माणसं सहज बसत. लायब्ररीत मी पहिल्यांदा गेले ती वेळ संध्याकाळची होती. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आडवा त्या टेबलावर आला होता, आणि पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर त्याची तांबूस झाक पडली होती. दरवर्षी उन्हाळ्यात ताई आणि शिपाई नामदेव ते टेबल जवसाच्या तेलानं आणि टर्पेंटाइननं घासून काढत. त्या आठवड्यात वाचकांना बाहेरच्या ओट्यावर बसावं लागे. कुणी कुरकुर केली की ताई सांगायच्या, "तुमी वर्षभर त्याच्यावर कोपरं टेकता. आठ दिवस त्याला द्या."

एकदा एक पुढारी वाचनालयाला भेट द्यायला आले. कार्यकर्त्यांनी ओल्या फुलांचे हार थेट टेबलावर रचले. फोटो चालू होते. ताई गर्दीतून शांतपणे पुढं गेल्या, हार एकेक करून उचलले आणि पुढाऱ्यांच्या स्वीय सहायकाच्या हातात दिले. त्यानं गोंधळून सगळे छातीशी धरले. ताईंनी पदरानं टेबल कोरडं केलं आणि पुढाऱ्यांना म्हणाल्या, "हं, आता बसा." वाचनालयाचे अध्यक्ष कदम सर शेजारीच उभे होते. ते हसू दाबत म्हणाले, "आमची रत्ना आहे ही. इथं तिचं चालतं."

कदम सर ताईंचे शाळेतले शिक्षक. ताईंचं माहेर गावातल्याच बौद्धवाडीत. एका खोलीत सात माणसं, अभ्यासाला जागा नाही. रत्ना सातवीत असताना कदम सरांनी, तेव्हा ते ऐन तिशीत होते, तिला हाताला धरून वाचनालयात नेलं आणि त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसवलं. तेव्हाच्या चिटणिसांनी नाक मुरडलं. सर त्यांना म्हणाले, "ती रोज येईल. इथंच बसेल." ताई दहावीपर्यंत तिथंच बसल्या. पुढं ग्रंथपालाचा अभ्यासक्रमही सरांनीच सुचवला आणि नोकरीला शब्दही त्यांनीच टाकला. ताईंनी ही गोष्ट मला कितीदा सांगितली असेल. सांगताना शेवटी त्या एवढंच म्हणायच्या, "बसायला जागा मिळाली की मानूस वर मान करून बघतो गं."

सर रविवारी सकाळी यायचे. पंच्याहत्तरीच्या पुढचे, धोतर नाही पण पांढराशुभ्र पायजमा, हातात पेरूची पिशवी. ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "रत्ना, तुझ्या घरात बसलं की पाठ दुखत नाही बघ." ताई चहा आणायला आत वळत तेव्हा त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झालेला असे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ताईंच्या मुलीचं बाळंतपण आलं. ताई नाशिकला गेल्या. अडचण झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, मुक्काम लांबला. घराची किल्ली माझ्याकडं होती. मी झाडांना पाणी घालायचे, खुर्च्यांवरची धूळ ठरलेल्या फडक्यानं पुसायचे आणि बँकेत जायचे. मार्चअखेरच्या कामांचा निपटारा तेव्हाही संपला नव्हता, घरी यायला अंधार पडायचा. वाचनालयाकडं माझी त्या दिवसांत एकही फेरी झाली नाही.

ताई परतल्या त्या दिवशी थेट लायब्ररीत गेल्या. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या. पिशव्या अजून दारातच होत्या. एका हाताच्या बोटांना राख लागलेली होती.

"टेबल गेलं," त्या म्हणाल्या. "वाळवी लागली हुती म्हने. आतनं पार पोखरलं हुतं. सर म्हनाले, हात लावला की भुगा पडत हुता. मागच्या अंगनात जाळलं. मी राख बघून आले."

हॉलमध्ये आता स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी पार्टिशनच्या चौकोनी केबिन उभ्या होत्या. प्रत्येकीत मोबाईल लावायला प्लग. पेपर वाचणाऱ्यांना कोपऱ्यात एक पत्र्याचं टेबल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एखाद्या घरात मूल दगावावं आणि आईला वाटत राहावं की आपण वेळेवर लक्ष दिलं नाही, तशा ताई झाल्या. जेवता जेवता थांबायच्या. "गेल्या उन्हाळ्यात मी खालनं नीट बघितलं न्हाई. नामदेव म्हनला, पाय उचलून बघू का, मी म्हनलं राहू दे." घरातल्या लाकडाला बोटानं टकटक करून कान लावायच्या. दाराच्या चौकटी, देवळीची फळी, माझं ते भुशाचं टेबलसुद्धा. कडुलिंबाचा पाला वाटून भिंतीच्या कडेनं लावायच्या, रॉकेल कुठून मिळालं तर तेही. वाचनालयाच्या वार्षिक सभेत त्या उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "टेबल माझ्या ताब्यात हुतं. माझ्या हयगयीमुळं गेलं. मला माफी असावी."

मी त्या सभेला होते. खजिनदार खाली पाहत होते. कदम सर उठले, ताईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं, रत्ना. मनाला लावून घेऊ नको."

पुढच्या वर्षी माझे आईवडील शिर्डीला दर्शनाला आले. आईनं ताईंबद्दल फोनवर इतकं ऐकलं होतं की त्यांना जेवायला न्यायचंच असा तिचा हट्ट. दर्शन झाल्यावर आम्ही रस्त्यालगतच्या एका नव्या रिसॉर्टमध्ये गेलो. जुन्या घरांचं सामान आणून सजवलेलं होतं सगळं. कंदील, पितळी घंगाळी, रहाटाची चाकं. वेटरनं आम्हाला मोठ्या हॉलमध्ये एका लांब टेबलाशी बसवलं.

ताई बसल्या आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी तळहात टेबलावर ठेवला. वर काचेसारखं चकचकीत पॉलिश मारलेलं होतं. मग त्या हात टेबलाच्या खालून कडेनं सरकवत गेल्या, माझ्या वडिलांच्या खुर्चीपर्यंत, आणि तिथं बोटं थांबली. मी नंतर खाली वाकून पाहिलं. सांध्याला बाभळीच्या लाकडाची एक खुंटी ठोकलेली होती, सागापेक्षा काळी. एका वर्षी सांधा सैल झाला तेव्हा ती त्यांनीच सुताराकडून तासून आणून नामदेवकडून ठोकून घेतली होती.

मॅनेजर चौकशी करायला आला तेव्हा ताईंनी त्याला विचारलं, "हे टेबल कुठलं हो?"

"राहात्याचं, मावशी. तिथल्या जुन्या लायब्ररीचं. कमिटीनं विकायला काढलं होतं, आमच्या शेठनी बघताक्षणी उचललं."

"वाळवी हुती का त्याला?"

तो हसला. "वाळवी असती तर आमी घेतलं असतं का? उलट इतकं राखलेलं जुनं सामान आमाला कुठं मिळालं न्हाई. कुनीतरी लई जपलं असणार."

ताईंनी मान हलवली. मग आईच्या ताटात भाकरी संपलेली पाहून त्यांनी आपल्या हातानं तिला वाढली, नाशिकच्या नातीचं कौतुक सांगितलं, बडीशेप घेतली. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की जेवणात काही घडलं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला सरांकडं सोड." मी स्कूटीवर नेलं. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी पायरीपाशीच थांबले, पण बोलणं ऐकू येत होतं.

"सर, टेबल बघितलं मी. शिर्डी रोडला."

सरांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"छप्पर गळत होतं रत्ना," ते म्हणाले. "पोरांना केबिन हव्या होत्या. वर्गणी जमेना. तुला विचारलं असतं तर तू विकू दिलं नसतंस."

"न्हाई दिलं असतं. भांडले असते. पन तुमी अध्यक्ष, तुमी विकलं असतं तरी चाललं असतं. चार दिवस रुसले असते." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "वाळवी का म्हनालात?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मग मी माफी मागत हुते तेव्हा?"

सरांनी मांडीवरच्या पेपरची घडी आणखी लहान केली.

"भर सभेत हात जोडले मी. तुमी माझ्या खांद्यावर हात ठेवलात."

सरांच्या पत्नी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा सरांकडं, एकदा ताईंकडं पाहिलं आणि चहा पुढं करायचा सोडून त्या तिथंच थबकल्या. तेव्हाच ताईंना समजलं असावं. त्या वळून म्हणाल्या, "वैनी, तुमालाबी माहीत हुतं?"

वैनींनी मान खाली घातली. ताई चहा न घेता पायऱ्या उतरल्या.

त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला विचारलं. रस्त्यात उभं करून, दुकानात, दारात. तुला माहीत होतं का? आवाज चढवून नाही. भाजीचा भाव विचारावा तसं. खजिनदारांना माहीत होतं. पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, त्यांच्या डोळ्यांसमोरच टेबल टेम्पोत चढवलं गेलं होतं. दोर बांधायला हातभार कुणी कुणी लावला तेही त्यांनी सांगितलं. मागच्या अंगणातली राख फुटक्या खोक्यांची आणि जुन्या रद्दीची होती. नामदेव तर रडायलाच लागला. "सरांनी सांगितलं हुतं, ताईला बोलायचं न्हाई. तिला लागंल. आमी काय करनार? मागनं तुमी रोज माझ्याजवळ तेच तेच बोलायला लागला, मग तर तोंडच उघडंना."

"म्हंजी तुला कळत हुतं, मला काय हुतंय ते."

"व्हय."

"बरं," ताई म्हणाल्या.

लबाडी एकानं केली असती तर त्यांनी ती एकाच माणसाच्या नावावर टाकली असती आणि बाकीच्या गावात जगल्या असत्या. पण अख्ख्या गावानं मिळून त्यांना सांभाळून घेतलं होतं, आणि त्या सांभाळण्यात वर्षभर त्यांना एकटीला जळत ठेवलं होतं. यात वाईट असं कुणीच नव्हतं. राग धरायला एखादी ठरावीक जागा तरी लागते, ती त्यांना मिळेना.

त्यांनी लायब्ररीच्या किल्ल्या नामदेवच्या हातात दिल्या आणि नोकरी सोडली. निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता, तो काढा असं सगळ्यांनी समजावलं. त्या कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत.

महिन्याभरानं एका रविवारी फाटक वाजलं. कदम सर होते, हातात पेरूची पिशवी. ताई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी मला सांगितलं, "म्हनावं, घरात न्हाई." सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सरांनी ते ऐकलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पिशवी फाटकाला अडकवून निघून गेले. पेरू तिथंच राहिले. दोन दिवसांनी मी ते शेजारच्या गाईला घातले.

शनिवारची साफसफाई ताईंनी सोडली नाही. उलट वाढवली. लोखंडी बाक खरवडून तांबडा प्रायमर दिला, वर हिरवा रंग. वेताच्या खुर्च्यांच्या सुटलेल्या विणी नव्यानं आवळल्या. सगळं लखलखीत असायचं आणि रिकामं. दारात कुणी आलं तर त्या उंबऱ्यात उभ्या राहूनच बोलायच्या. बसा म्हणायच्या नाहीत. मुलगी नाशिकला बोलवत होती, तर म्हणायच्या, बघू. तिच्याशीही फोनवर बोलताना मध्येच थांबून विचारायच्या, "तुला कुणी काही सांगितलं हुतं का गं?" ती बिचारी चिडायची.

मला मात्र त्यांनी कधीच विचारलं नाही.

मी वाट पाहिली. रोज वाटायचं, आज विचारतील. ताई नाशिकला होत्या तो महिनाभर मी राहात्यातच होते, लायब्ररी दोन गल्ल्यांवर. गावातल्या चहाच्या टपरीवाल्याला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नसावं, हे माझं मलाही खरं वाटण्यासारखं नव्हतं. आपणहून सांगावं तर ते सफाई दिल्यासारखं दिसलं असतं. त्या पूर्वीसारख्याच वागत. भाजी द्यायच्या, गॅस संपला तर कळवायच्या. पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर किंचित जास्त वेळ राहायला लागली होती.

माझी बदली झाली. सामान टेम्पोनं पुढं गेलं, मी एसटीनं निघाले. ताई स्टँडवर सोडायला आल्या. गाडीच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं, कंडक्टर मात्र जुन्याच सवयीनं "नगर, नगर" असं ओरडत होता. ताईंनी खिडकीतून मला दशम्यांचा डबा दिला. डबा देऊन झाला तरी त्यांनी खिडकीच्या गजावरचा हात काढला नाही.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "तुला मी विचारलं न्हाई."

"विचारायचं होतं ताई."

"न्हाई विचारलं. तू बी हो म्हनाली असतीस तर इतके दिवस मी घरात कुनासंगं राहत हुते, तेच मला समजलं नसतं."

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शंका नव्हती त्या पाहण्यात आणि विश्वासही नव्हता. फार दमलेलं माणूस पाहतं तशा त्या पाहत होत्या.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि गजावरचा हात काढून घेतला.

गाडी सुरू झाली. मी मान बाहेर काढून पाहिलं. स्टँडच्या फाटकाशी त्यांना कुणी ओळखीच्या बाईनं हाक मारली होती, काहीतरी विचारत होती. ताईंनी तिला उत्तर देण्याआधी एक पाऊल मागं घेतलं. मग मनमाड रस्त्यावरून उसाची ट्रॉली आडवी आली आणि ती जाईपर्यंत आमची गाडी वळली होती.